घरची वाकळ आणि शिवण्याचें यंत्र

रब्बीची मळणी आटोपून कडब्याची गंज रचून झाली, म्हणजे मृगापर्यंत शेतकऱ्याच्या घरीं थोडी उसंत मिळते. पुरुषांच्या वांट्यास ती लग्नकार्यें, जत्रा आणि पारावरच्या गप्पा यांच्या रूपानें येते. बायकांच्या वांट्यास वाकळांच्या रूपानें येते. पेटींतील जुनेरें बाहेर निघतात, उन्हांत पडतात, आणि दुपारचीं भांडीं घांसून झालीं कीं सोप्यांत घोंगडी अंथरून दोघी-तिघी सुया घेऊन बसतात.

या मासिकांत खतें, बियाणें, गुरांचे रोग यांविषयीं पुष्कळ लिहून येतें, आणि तें येणें योग्यच आहे. तथापि माघाच्या थंडींत पिकास पाणी पाजून पहांटे घरीं आलेला शेतकरी ज्या पांघरुणाखालीं अंग टाकतो, त्याविषयीं चार शब्द लिहिणें अप्रस्तुत होणार नाहीं अशा समजुतीनें आम्ही हा लेख लिहीत आहों. शिवणकामांत आमचा अधिकार नाहीं. आमची हयात महसूल खात्यांत फेरफाराच्या नोंदी आणि जमाबंदीचे तक्ते लिहिण्यांत गेली. परंतु गेल्या वर्षीं आमच्या घरीं एक प्रकार घडला, व त्यांत आमच्याच उतावळेपणानें एका मोलाच्या वस्त्राची नासाडी झाली. ती कां झाली व पुढें कशी सांवरली हें सांगितल्यास दुसऱ्या कोणाचें तरी लुगडें वांचेल.

आमच्याकडे जिला वाकळ म्हणतात तिलाच अन्यत्र गोधडी म्हणतात. तान्ह्या मुलाचें असेल तर तें दुपटें. चार पदरांची ती चौघडी. नऊवारी लुगड्याचे सव्वादोन वारांचे बरोबर चार तुकडे पडतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे चौघडीचें माप कोठून आलें असावें तें कळतें. बंगाल्यांत हाच प्रकार कांथा या नांवानें चालतो. उत्तर कानडा जिल्ह्यांत हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या बाजूस राहणारे सिद्दी लोक कवंदी शिवतात. ते कडेकडेनें ठिगळें जोडीत आंत येतात, आणि शेवटीं चारी कोंपऱ्यांस कापडाची त्रिकोणी घडी लावतात, तिला फूल म्हणतात. फूल नसलेली कवंदी त्यांच्या दृष्टीनें उघडी होय. मूळ कल्पना मात्र सर्वत्र एकच: जुनें मऊ कापड थरावर थर घालून साध्या धांवदोऱ्यानें एकजीव करावयाचें.

हातानें शिवतांना पदर जमिनीवर ताणून पसरतात, कोंपऱ्यांवर वरवंटा, पाटा, तांब्या असें कांहीं जड ठेवितात, आणि कडेपासून टांके घालीत चौकटीच्या आंत चौकट अशा फेऱ्यांनीं मध्याकडे येतात. शिवणारी स्वतः वाकळेवर बसलेली असते. तिच्या भारानें आणि डाव्या हाताच्या तळव्यानें पदर जागच्या जागीं राहतात. हलते ती फक्त सुई. ही गोष्ट आम्हीं लहानपणापासून हजार वेळां पाहिली होती, पण तिचा अर्थ आम्हांस साठीच्या घरांत आल्यावर समजला.

आतां घडलेला प्रकार सांगतों. आमच्या मातोश्री दोन वर्षांमागें वारल्या. त्यांच्या ट्रंकेंत सात लुगडीं निघालीं. सहा इरकली, आणि एक संक्रांतीस नेसावयाची काळी चंद्रकळा. जमिनीच्या वाटपांत वाद पडला नाहीं, कारण आक्कांनीं, म्हणजे आमच्या वडील भगिनींनीं, हक्कसोडपत्रावर आपण होऊन सही केली. २००५ सालच्या दुरुस्तीपासून कायद्यानें मुलीचा वांटा मुलाइतकाच आहे. तरी गांवोगांव बहिणी सही करून मोकळ्या होतात, आणि तशा नोंदी आम्हीं नोकरींत शेकड्यांनीं लिहिल्या. सही करणारीच्या मनांत काय होतें त्यास नोंदवहींत रकाना नाहीं. सही करून झाल्यावर आक्का एवढेंच म्हणाल्या, "आईच्या चंद्रकळेची एक वाकळ तेवढी मला करून दे रे. दुसरं काही नको."

वर्षश्राद्धास आक्का आठ दिवस राहण्यास आल्या. त्यांच्या परतण्यापूर्वीं वाकळ हातीं द्यावी असें आमच्या मनानें घेतलें. घरांत आमच्या सूनबाईचें शिवण्याचें यंत्र आहे. पूर्वीं तें पायानें चाले, आतां त्यास विजेची मोटर बसविली आहे. हातानें एक वाकळ शिवावयास दोघींस पंधरवडा लागतो, यंत्रावर ती दोन दिवसांत होईल असा आमचा हिशेब. सूनबाई म्हणाली, "मामा, आधी चिंध्यांवर टीप घालून बघते. एवढं जाड कधी शिवलं नाही मी." आम्हीं तिला तेवढीही सवड दिली नाहीं. चंद्रकळेचा मधला भाग विरला होता. धडके असे सव्वादोन वारांचे दोन तुकडे निघाले, ते शेजारीं शेजारीं जोडून वरचा पदर केला. आंत एका इरकलीचे तुकडे घातले. खालीं बाजारांतून आणलेला कोरा मांजरपाट जसाच्या तसा लाविला. आणि "कडेपासून आंत ये, आई तसेंच करीत असे" हा हुकूमही आमचाच.

परिणाम असा झाला कीं चौथ्या-पांचव्या फेऱ्यापासून वरचें कापड पुढें सरकूं लागलें, आणि मध्यापर्यंत पोचतां पोचतां तेथें सगळा झोळ गोळा झाला. सूनबाईनें तो चुण्या घालून कसाबसा दाबला. आमच्या आत्याबाई, वय वर्षें ऐंशीच्या पुढें, यांनीं त्यावरून हात फिरविला आणि म्हणाल्या, "बाळा, ही वाकळ हाय का पापड? मधी फुगलाय की रं." आक्का कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं ती घडी करून पिशवींत ठेविली व घेऊन गेल्या.

दोन महिन्यांनीं ती वाकळ पहिल्या धुण्यानंतर परत आली. मांजरपाट आटला होता, जुनी चंद्रकळा आटावयाची राहिलीच नव्हती. त्यामुळें सबंध वाकळ आक्रसली, आणि जेथें टीप बारीक होती तेथें काळें कापड टिपेच्या रेषेवरूनच फाटलें, टपालाचीं तिकिटें भोंकांवरून फाटतात तसें.

सूनबाईनें आठ दिवस बसून ती वाकळ उसवली. त्यानंतर तिनें तें केलें जें आम्हीं तिला प्रथम करूं दिलें नव्हतें. वारभर लांबीच्या दोन सारख्या पट्ट्या एकावर एक ठेवून, टांचण न घालतां, यंत्रावर त्यांस सरळ टीप मारली. टीप संपली तेव्हां वरची पट्टी खालचीपेक्षां अर्धा इंच पुढें आली होती. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं यंत्र आहे त्यांनीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा. पांच मिनिटांचें काम आहे, आणि सगळी मेख त्यांतच आहे.

याचें कारण यंत्राच्या रचनेंत आहे. १८४६ सालीं अमेरिकेंत इलायस हौ यानें टोंकाशीं भोंक असलेल्या सुईच्या व खालच्या धोट्याच्या यंत्राची सनद घेतली, आणि १८५१ सालीं सिंगर यानें आपली. तेव्हांपासून घरगुती यंत्राचें मूळ तत्त्व बदललेलें नाहीं. वरचा दोरा सुईंतून येतो, खालचा बॉबिनमधून, आणि दोहोंचा वेढा कापडाच्या पोटांत बसतो. कापड पुढें ढकलण्याचें काम खालचे दांते करितात, व वरून दाबणारा पाय तें दाबून धरितो. म्हणजे खालचा पदर ओढला जातो आणि वरचा अडविला जातो. दोन पदरांच्या सदऱ्यांत हा फरक हातानें सांवरतां येतो. चार-पांच पदरांच्या वाकळेंत प्रत्येक टिपेबरोबर वरचें कापड तसूतसूनें पुढें लोटलें जातें. कडेपासून आंत आल्यास या झोळाला पळावयास वाट राहत नाहीं, तो मध्यें कोंडतो. सबब यंत्रावर वाकळ मध्यापासून कडेकडे शिवली पाहिजे, म्हणजे जो कांहीं झोळ येईल तो कडेबाहेर निघून जाईल व शेवटीं कातरून टाकितां येईल. आईची रीत चुकीची नव्हती. ती सुईची रीत होती, आणि आम्हीं ती यंत्रावर लादली.

आतां दुसऱ्या खेपेस काय केलें तें थोडें विस्तारानें सांगतों, कारण यांतील बहुतेक काम यंत्रावर बसण्यापूर्वींचें आहे.

कोरें कापड रात्रभर पाण्यांत भिजवून, खळ निघेपर्यंत धुवून, उन्हांत वाळवावें. मांजरपाट पहिल्या धुण्यांत वारास एक-दोन इंच सहज आटतो. जुनीं लुगडीं धुतलेलीं असलीं तरी त्यांची परीक्षा घ्यावी: दोन्ही अंगठ्यांमध्यें कापड धरून हलकेंच ताणावें, चर्र असा आवाज करून विरलें तर तें वरच्या पदरास उपयोगाचें नाहीं, आंत घालावें. लाल व किरमिजी काठांवर ओलें पांढरें फडकें घांसून पाहावें. रंग लागला तर तो काठ फिक्या कापडाशेजारीं लावूं नये.

मग खालचा पदर उलटा करून स्वच्छ जमिनीवर पसरावा व कडा ताणून चिकटपट्टीनें किंवा वजनानें पक्क्या कराव्या. तो तंबूसारखा ताठ नको, पण त्यावर सुरकुती राहतां कामा नये. त्यावर आंतले पदर, त्यावर वरचा. प्रत्येक पदर हातानें मध्यापासून बाहेर सारवल्यासारखा सपाट करावा. आंतले तुकडे एकमेकांवर चढवूं नयेत, कडेस कड भिडवावी, नाहीं तर तेथें वरंबा उठतो व सुई मोडते. नंतर मध्यापासून चारी बाजूंस वीतवीतभर अंतरावर लांब लांब कच्चे टांके घालावे. सेफ्टी पिना असतील तर चार-चार बोटांवर त्याही चालतात. या कामास आमच्याकडे सबंध दिवस लागला, आणि हा दिवस वांचविण्याच्या मोहानेंच पहिली वाकळ बिघडली होती.

रेघा आंखण्याचें काम आम्हीं आपल्याकडे घेतलें. मोजणींत प्रथम पायारेषा धरितात आणि बाकीचीं मापें तिजवरून काढितात. तद्वत् वाकळेची उभी मध्यरेषा प्रथम काढिली, तिला काटकोनांत आडवी, आणि मग दोन-दोन इंचांवर उभ्या रेघा. सुताराप्रमाणें दोरीस खडूची भुकटी लावून दोघांनीं टोकें धरून झटका दिला म्हणजे रेघ सरळ उठते. आत्याबाईंस हा थाट फारच विनोदी वाटला.

यंत्रास सोळा नंबरची सुई घातली. पदर पांचाहून अधिक असतील तर अठरा नंबरची घालावी. टांका इंचास सहा ते आठ, याहून बारीक नको. जुन्या कापडांत बारीक टीप म्हणजे भोंकांची रांगच होय. दोरा सुती घ्यावा. पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो हें खरें, पण जुन्या सुती कापडापेक्षां तो इतका मजबूत पडतो कीं ओढ बसली असतां दोरा राहतो व कापड कापलें जातें. वरच्या दोऱ्याचा ताण किंचित् सैल करावा. पायाचा दाब कमी करण्याचा स्क्रू बहुतेक यंत्रांस दांड्याच्या माथ्यावर असतो, तो दोन-तीन फेरे सैल केला असतां झोळ निम्म्यानें कमी होतो. हा स्क्रू कित्येक घरांत वर्षानुवर्षें कोणी हातच लावलेला नसतो. आतां बाजारांत वरूनही दांते असलेला, कापडाबरोबर पाऊल टाकणारा पाय वेगळा मिळतो. ज्यांस दरसाल पांच-सात वाकळा करावयाच्या असतील त्यांनीं तो घ्यावा. एका वाकळेसाठीं त्याची गरज नाहीं.

दुसरी अडचण जागेची. घरगुती यंत्राच्या सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत सहा-सात इंचच मोकळे असतात, आणि त्यांतून अर्धी वाकळ जावयाची असते. तिचा उजवा भाग वळकटीप्रमाणें घट्ट गुंडाळावा व कपड्यांच्या चिमट्यांनीं धरावा. डावीकडे यंत्राच्या उंचीचें टेबल किंवा पेटी ठेवावी, म्हणजे वाकळ खालीं लोंबून सुईस ओढ देणार नाहीं. पहिली टीप मध्यरेषेवर. मग तिच्या उजवीकडच्या रेघा एकामागून एक कडेपर्यंत. मग वाकळ सबंध फिरवून दुसरी बाजू तशीच. त्या त्या बाजूच्या सर्व टिपा एकाच टोंकापासून सुरू कराव्या. एक खालीं, एक वर असा नांगराच्या तासाचा क्रम येथें धरूं नये. तसें केल्यास शेजारशेजारच्या ओळी कापडास उलट दिशांनीं ओढतात व तिरक्या लाटा उठतात. वेग मंद ठेवावा. मोटर असली तर तिजवर फार विश्वास ठेवूं नये. पायानें चालणारें जुनें यंत्र या कामास कांकणभर सरसच.

दोऱ्याचा हिशेबही देऊन ठेवतों. सव्वा वार पन्ह्याच्या व सव्वादोन वार लांबीच्या चौघडीस दोन इंचांवर सुमारें बावीस टिपा पडतात, म्हणजे साडेएकोणपन्नास वार शिलाई. वरचा व खालचा मिळून अडीचपट दोरा धरावा; सवाशें वार झाला. बॉबिना आधींच तीन-चार भरून ठेवाव्या, कारण ओळीच्या मध्यें दोरा संपला कीं जोड दिसतो. टिपेच्या आरंभीं व शेवटीं उलट टांके घालून जुन्या कापडाची चाळणी करूं नये. दोन्ही दोरे खालीं ओढून गांठ मारावी व टोंक सुईनें पदरांत लपवावें.

आतां कडेविषयीं. वाकळ प्रथम फाटते ती कडेलाच, आणि म्हणून सगळ्यांत धड कापड कडेस द्यावें. लुगड्याचा काठ या कामास उत्तम. काठ अपुरा असेल तर चार बोटें रुंदीची सरळ पट्टी लांबींत दुमडून दुहेरी करावी. उरेब पट्टीची जरुरी फक्त कोंपरे गोल करावयाचे असतील तरच. पट्टीच्या मोकळ्या कडा वाकळेच्या सुलट बाजूस कडेशीं जुळवून टीप मारावी. कोंपऱ्याच्या पाव इंच अलीकडे थांबून दोरा तोडावा, पट्टी प्रथम वर दुमडून मग खालीं आणावी आणि पुढची बाजू सुरू करावी, म्हणजे कोंपऱ्यावर आपोआप तिरकी घडी बसते. नंतर पट्टी मागें वळवून हातानें तुरपावी. मागची बाजूही यंत्रावरच मारण्याचा मोह होतो; तशी मारलेली आम्हीं पाहिली आहे. ती ताठ राहते, गळ्यास बोचते, आणि पट्टी झिजल्यावर उसवून बदलणें त्रासाचें होतें. हाताची तुरपाई चार संध्याकाळचें काम आहे.

कापसाच्या रजईची गोष्ट वेगळी. सुटा पिंजलेला कापूस यंत्राखालीं धरल्यास तंतू धोट्यांत जाऊन अडकतात व दर घटकेस साफ करावें लागतें. तो आधीं पातळ मलमलीच्या पिशवींत बंद करावा, किंवा रजई हातानेंच शिवावी. आम्ही दुसरें सुचवितों.

एक इशारा मात्र ठासून दिला पाहिजे. आजकाल घरांतील जुनेरांत निम्म्याहून अधिक पातळें पॉलिस्टरचीं निघतात, आणि तीं फाटत नाहींत म्हणून वाकळेस चांगलीं असा समज आहे. तीं घाम शोषीत नाहींत. सुती पदराबरोबर धुतलीं असतां सुती पदर आटतो, तीं आटत नाहींत. आणि मुख्य म्हणजे ठिणगी पडली तर सुती कापड धुमसतें, हें वितळून अंगास चिकटतें. शेतीपंपांस अद्याप अनेक ठिकाणीं रात्रीच्या पाळीनें वीज मिळते, मळ्यांत राखणीस माणूस शेकोटीशेजारीं निजतो. त्याच्या अंगावरची वाकळ अंतर्बाह्य सुती असावी. पॉलिस्टरचीं पातळें अंथरण्याच्या सतरंजीस किंवा धान्य झांकण्यास वापरावीं.

कित्येक गांवीं बचत गटाच्या बायका यंत्रावर गोधड्या शिवून विकूं लागल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु किंमत ठरवितांना बहुधा कापड व दोरा धरितात आणि मजुरी सोडून देतात, कारण काम "घरचें" असतें. शेतावर भांगलणीस माणूस लावल्यास आपण त्याची हजेरी मांडतों. सातबाराच्या उताऱ्यावर पीक येतें, विहीर येते, बांधावरचें आंब्याचें झाड येतें. बाईच्या बोटांचें काम कोठेंच येत नाहीं. पदर पसरण्याचा तो एक सबंध दिवस आणि तुरपाईच्या चार संध्याकाळा किंमतींत धराव्या असें आमचें सांगणें आहे, मग गिऱ्हाईक दोन कमी झालें तरी चालेल.

धुण्याविषयीं थोडकेंच. भिजलेली वाकळ एका कडेनें दोरीवर टांगूं नये. तिच्याच ओझ्यानें टिपा तुटतात. दगडावर किंवा बाजेवर पसरावी व दोन्ही बाजूंनीं ऊन द्यावें. पिळूं नये, दाबून पाणी काढावें.

उसवलेल्या चंद्रकळेपैकीं धड असें दीड वार कापड हातीं आलें. बाकीचें टिपेच्या भोंकांनीं जागोजाग गेलें होतें. त्या दीड वारांतून सूनबाईनें एक चौकोन काढून तो नव्या वाकळेच्या मध्यावर बसविला, भोंवतीं दोन इरकलींचा हिरवा व जांभळा पदर घेतला, आणि कडेस त्यांचेच काठ लाविले. मध्यापासून बाहेर शिवल्यामुळें पहिली टीप चंद्रकळेवर पडली, आणि तेथें कापड आरशासारखें सपाट बसलें. शेवटची तुरपाई आत्याबाईंनीं केली; त्यांस दिसत नाहीं, दोरा नातवानें ओवून द्यावयाचा. एका कोंपऱ्यावर त्यांचे टांके वांकडे गेले आहेत, ते कोणी सुधारले नाहींत.

वाकळ आम्हीं स्वतः आक्कांच्या गांवीं नेऊन दिली. त्यांनीं ती उलटी करून मागची बाजू पाहिली, मग मध्यावर हात ठेविला, आणि विचारिलें, "पहिलीचं काय केलंस?" पहिलीच्या उरलेल्या तुकड्यांचीं दोन दुपटीं झालीं आहेत असें आम्हीं सांगितलें. त्यांतलें एक आपल्या नातीसाठीं पाठवावें असें त्या म्हणाल्या. तें पाठविलें आहे. ट्रंकेंत अजून तीन इरकली शिल्लक आहेत, आणि सूनबाईनें काल मांजरपाट भिजत घातला आहे.